इंग्रजी ‘पंच’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिहिण्याची एक अडचण आधी सांगतो. इंग्रजी शब्द आणि आपला न्यायनिवाड्याचा पंच देवनागरीत अगदी सारखे दिसतात. म्हणून खाली एकेरी अवतरणातला ‘पंच’ म्हणजे इंग्रजी शब्द, आणि आपला तो ‘मराठी पंच’. प्रश्न नेहमी येतात त्याच शब्दांत ठेवले आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. ‘पंच’ म्हणजे ठोसा, ‘पंच’ म्हणजे सरबत, ‘पंच’ म्हणजे भोक पाडायचं यंत्र. एकाच शब्दाला इतके अर्थ कसे?

हा एक शब्द नाही. निदान तीन वेगवेगळे शब्द आहेत, ते वेगवेगळ्या वाटांनी इंग्रजीत आले आणि योगायोगाने सारखेच लिहिले-उच्चारले जाऊ लागले. पहिला टोचण्याचा, भोक पाडण्याचा. ठोसा त्याच्याच पोटातून निघाला. दुसरा पेयाचा. तिसरा बाहुल्याचा, म्हणजे ‘मिस्टर पंच’चा.

मराठीत ‘वर’ घ्या. नवरदेव तो वर आणि देवाने दिला तोही वर. हे दोन्ही ‘निवडणे’ या अर्थाच्या एकाच संस्कृत धातूचे. पण माळ्यावर, झाडावर, वर-खाली यांतला ‘वर’ संस्कृत ‘उपरि’पासून झिजत आलेला. पहिल्या दोघांचं नातं आहे, तिसरा नुसता नामसाधर्म्याचा. चांगले इंग्रजी शब्दकोश ‘पंच’च्या बाबतीत हाच भेद पाळतात आणि मूळ वेगळं असेल तिथे नोंद वेगळी करून डोक्यावर १, २, ३ असे आकडे घालतात.

२. यातला सगळ्यात जुना कोणता?

टोचण्याचा. लॅटिनमध्ये ‘पुंगेरे’ म्हणजे टोचणे, बोचणे. त्यापासून जुन्या फ्रेंचमध्ये टोकदार हत्यारासाठी ‘प्वांसों’ या घराण्यातला शब्द आला आणि तो इंग्रजीत ‘पंचन’ होऊन उतरला. ‘पंच’ हे हत्याराचं नाव त्याचंच आखूड रूप. क्रियापद मात्र चौदाव्या शतकापासूनच दिसतं, ढोसणे, टोचणे, रेटणे या अर्थांनी.

या घराण्यातली माणसं तुमच्या रोजच्या ओळखीची आहेत. पॉइंट, पंक्चुअल, पंक्चुएशन, सुया टोचायचं ॲक्युपंक्चर, सगळे ‘पुंगेरे’चे वंशज. आणि पंक्चर. हमरस्त्याच्या कडेला टायर टांगून ‘पंचर’ असं खडूने लिहिलेलं असतं ना, ते अशुद्धलेखन म्हणून हसण्यासारखं नाही: दोन्ही शब्दांचं मूळ एकच, त्यामुळे पंचरवाल्याने चुकून का होईना ‘पंच’ला त्याच्या सख्ख्या भावाशेजारी नेऊन बसवलं आहे.

३. भोक पाडणे आणि ठोसा मारणे यांचा काय संबंध? मुठीने भोक तर पडत नाही.

मधली पायरी ढोसण्याची आहे. सुरुवातीला ‘पंच’ करणं म्हणजे काठीने किंवा टोकदार वस्तूने ढोसून पुढे रेटणं. गुरं हाकताना हेच करतात, म्हणून अमेरिकेत गुराख्याला ‘काऊपंचर’ असंही म्हटलं जाई. तो गायींना ठोसे मारत नसे, पराणी लावत असे. काठीने ढोसण्यावरून कोपराने, हाताने ढोसणं आणि तिथून मुठीचा तडाखा ही वाट सोपी आहे. सोळाव्या शतकात ठोशाचा अर्थ रुळलेला दिसतो.

काही अभ्यासकांच्या मते इथे दुसऱ्या एका शब्दाचाही हात लागला. शिक्षा करणे या अर्थाच्या ‘पनिश’चं ‘पंचेन’ असं आखूड रूप मध्ययुगीन इंग्रजीत वापरात होतं. शिक्षा आणि मार हे तेव्हा फार दूरचे नव्हते, त्यामुळे दोन शब्द एकमेकांत मिसळले असणं शक्य आहे.

४. कंडक्टरचा पंच, ऑफिसात सकाळी करायचं ‘पंचिंग’ आणि संगणकाची जुनी पंच कार्डं, हे सगळं एकच का?

हो, सगळं भोकवालं. आणि यातलं पहिलं आणि तिसरं यांचा संबंध तर गोष्ट सांगावी असा आहे.

कागदातली भोकं यंत्राला काम सांगू शकतात हे फ्रान्समध्ये जाकारने आपल्या मागावर १८०४ च्या सुमारास दाखवून दिलं होतं. भोकं पाडलेल्या जाड पुठ्ठ्यांच्या माळेवरून कापडावरची नक्षी ठरत असे. पुढे अमेरिकेत हर्मन हॉलरिथ जनगणनेच्या मोजणीसाठी यंत्र शोधत होता. त्याने स्वतःच सांगून ठेवलं आहे की कल्पना सुचली ती रेल्वेच्या कंडक्टरवरून. त्या काळी काही गाड्यांत कंडक्टर तिकिटाच्या कडेला ठरावीक जागी भोकं पाडून प्रवाशाचं वर्णन नोंदवत: केस फिकट, डोळे काळे, नाक मोठं. एकाचं तिकीट दुसऱ्याने वापरू नये म्हणून ही युक्ती. हॉलरिथने तेच प्रत्येक नागरिकासाठी केलं, एका माणसाचं एक कार्ड. १८९० ची अमेरिकेची जनगणना या कार्डांवर मोजली गेली. त्याची कंपनी पुढे इतर कंपन्यांत विलीन झाली आणि १९२४ मध्ये त्या एकत्रित कंपनीचं नाव आयबीएम पडलं.

एसटीच्या कंडक्टरच्या हातात आता तिकीट काढायचं यंत्र आलं, चामड्याची पिशवी आणि टकटक वाजणारा पंच मागे पडला. हजेरीचंही तेच. कार्डावर वेळेचं भोक किंवा शिक्का पडायचा, आता बोट टेकवतात किंवा चेहरा दाखवतात. पण ‘पंच केलंस का?’ हे विचारणं काही सुटलेलं नाही.

५. छापखान्यातही ‘पंच’ असतो असं ऐकलं. तो कोणता?

खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, पाडण्याआधीचा. पोलादी कांडीच्या टोकाला अक्षर उलटं, उठावदार कोरायचं, ती कांडी म्हणजे ‘पंच’. ती तांब्याच्या तुकड्यावर ठोकली की अक्षराचा खोलगट ठसा उमटतो. त्या साच्यात वितळलेला धातू ओतला की खिळा तयार. म्हणजे पानावर दिसणाऱ्या अक्षराचं खरं वळण पंच कोरणाऱ्याच्या हातातलं.

देवनागरीसाठी हे काम फारच जिकिरीचं, कारण काना-मात्रा-वेलांट्या आणि जोडाक्षरं धरली की कांड्यांची संख्या रोमन लिपीच्या कितीतरी पट होते. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली जावजी दादाजी हे काम शिकले, आणि १८६९ मध्ये त्यांनी निर्णयसागर छापखाना काढला. निर्णयसागरच्या संस्कृत पोथ्या ज्यांनी हाताळल्या आहेत त्यांना त्या अक्षरांची ठेवण वेगळी सांगायला नको. तिच्यामागे पंच कोरणारे राणोजी रावजी आरू होते. बंगालमध्ये पंचानन कर्मकार यांनी चार्ल्स विल्किन्सबरोबर १७७८ च्या सुमारास बंगाली खिळे घडवले आणि पुढे तिथल्याच श्रीरामपूरला देवनागरीचेही. पंच कोरणाऱ्याचं नाव पंचानन, हा निव्वळ योगायोग, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

६. ‘पंच’ हे पेय आपल्या ‘पाच’वरून आलं, पाच पदार्थ असतात म्हणून. खरं ना?

पेय हिंदुस्थानातून गेलं यात शंका नाही. नाव ‘पाच’वरून आलं असण्याची शक्यता बरीच आहे, पण ते सिद्ध झालेलं नाही. आपल्याकडे पसरणाऱ्या संदेशांत या दोन वाक्यांतलं अंतर गिळलं जातं, म्हणून आधी पुरावा पाहू. शंका पुढच्या उत्तरात.

शब्दाची सगळ्यात जुनी नोंद १६३२ ची. ईस्ट इंडिया कंपनीच्या रॉबर्ट ॲडम्स या नोकराने पेटापोली इथल्या आपल्या सहकाऱ्याला पत्रात लिहिलं, की नीट मिळून-मिसळून राहा आणि ‘पंच’ मोजूनमापून पिऊ नका. पेटापोली म्हणजे आजच्या आंध्रातलं निजामपट्टणम. लिहिणारा अर्थ समजावून सांगत नाही, म्हणजे दोघांनाही शब्द चांगलाच परिचयाचा होता.

त्यानंतर १६३८ मध्ये मांडेल्सलो हा जर्मन प्रवासी सुरतेच्या इंग्रजांच्या वखारीत उतरला. तिथे काय प्यायले जाते हे त्याने लिहून ठेवलं, नाव दिलं ‘पालेपुंत्स’ अशा धाटणीचं. शेवटचा ‘पुंत्स’ आपल्या ओळखीचा. फ्रेंच वैद्य बर्निए याला बंगालमध्ये ‘बूलपोंज’ भेटलं. ते म्हणजे इंग्रजी ‘बोल ऑफ पंच’, वाडगाभर पंच, असं मानतात.

आणि ‘पाच’ची गोष्ट सांगणारा आद्य साक्षीदार जॉन फ्रायर. कंपनीचा हा डॉक्टर १६७० च्या दशकात आपल्या किनाऱ्यावर होता, मुंबई, सुरत, जुन्नर, कारवार, गोवा सगळं फिरला. त्याचं पुस्तक १६९८ साली छापून निघालं. त्यात तो लिहितो की गोव्याजवळ नेरूल इथे उत्तम अरक मिळतो, त्यापासून या किनाऱ्यावरचे इंग्रज ‘पॉन्च’ नावाचं अंगातली शक्ती घालवणारं पेय करतात, आणि या शब्दाचा हिंदुस्थानी भाषेत अर्थ पाच, कारण घटक पाच.

७. इतका स्पष्ट पुरावा असताना शब्दकोश ‘बहुधा’, ‘कदाचित’ का लावतात?

कारण फ्रायर पहिल्या नोंदीनंतर चाळीसेक वर्षांनी किनाऱ्यावर आलेला आहे. त्याने ऐकली ती व्युत्पत्ती असेल किंवा इंग्रजांनी मागाहून जुळवलेली कहाणी असेल, दोन्ही शक्य आहे. आक्षेप तीन.

पहिला आकड्याचा. मांडेल्सलोच्या यादीत मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस, साखर, म्हणजे चारच. बर्निएच्या यादीत गुळाची दारू, लिंबूरस, पाणी, जायफळ, पुन्हा चार. खुद्द फ्रायरही तिथेच चार घटकांच्या प्रकाराचा उल्लेख करतो. ज्या वस्तूचं नावच ‘पाच’ तिच्यात पाच नसतील तर संशय येणारच.

दुसरा उच्चाराचा, आणि तो जास्त वजनदार. हिंदुस्थानीत ‘पाँच’, स्वर दीर्घ ‘आ’. तो इंग्रजी कानाने ऐकला तर फ्रायरसारखं ‘पॉन्च’ लिहिलं जावं. पण सुरुवातीपासून स्पेलिंग आहे ते ऱ्हस्व उकाराचं. आणि त्या काळापर्यंत इंग्रजीत हे ‘यू’ अक्षर ‘उ’सारखं उच्चारलं जाई, म्हणजे शब्द ‘पुंच’च्या जवळचा. उत्तर इंग्लंडात आजही तो तसा ऐकू येतो. त्याला आजचा ‘अ’सारखा उच्चार मिळाला तो साधारण सतराव्या शतकाच्या मध्यात.

तिसरा आक्षेप म्हणजे दुसरा उमेदवार. ‘पंचन’ नावाचं मोठं लाकडी पिंप असे, जहाजावर दारू त्यातूनच जाई. खलाशांनी पिंपाचं नाव तोडून पेयाला दिलं असेल, असं काहींचं म्हणणं.

आता माझं मत. दीर्घ ‘आ’चा आक्षेप सुट्या ‘पाँच’ला लागू पडतो, पण आपल्या भाषांत जोडशब्दांत पाचाचा ‘पंच’ होतो: पंचामृत, पंचांग, पंचपाळं. पाच जिनसांचं मिश्रण म्हटलं की तोंडात येईल ते हेच ऱ्हस्व रूप. ते इंग्रजांनी ‘पंडित’ आणि ‘पंजाब’ लिहिताना वापरलेल्या त्याच अक्षराने लिहिलं तर नवल नाही. अडचण उरते ती १६३२ ची, कारण तेव्हा त्या अक्षराचा उच्चार नुकता कुठे बदलू लागला होता. पिंपाच्या बाजूने मात्र मला काहीच भक्कम दिसत नाही. पेय पिंपात कधी कालवलं जात नव्हतं, वाडग्यात कालवत होते. म्हणून कौल ‘पाच’च्या बाजूने, पण ‘बहुधा’ न खोडता.

८. फ्रायरचं नेरूल म्हणजे नवी मुंबईतलं नेरूळ का?

नाही. गोव्यातलं, बारदेश तालुक्यातलं, मांडवीच्या पलीकडचं नेरूल. हा प्रश्न इतक्या वेळा येतो की वेगळा ठेवला. फ्रायरच्या काळात ‘गोवा’ म्हणजे पोर्तुगिजांची राजधानी, आजचं जुनं गोवं, हेही लक्षात ठेवावं.

तो ज्याला अरक म्हणतो ती ताडामाडाच्या रसाची दारू. मूळ अरबी शब्दाचा अर्थ घाम. भट्टीत थेंब थेंब गळतं म्हणून. हाच शब्द गोव्यात ‘उर्राक’ म्हणून जिवंत आहे, फक्त आता तो काजूच्या पहिल्या धारेला लागतो.

९. लग्नात स्वागताला देतात त्या फ्रूट पंचमध्ये तर दारू नसते. मग ते ‘पंच’ कसं?

नाव राहिलं, मुख्य घटक गेला. मूळ चौकट अशी: मद्य, आंबट, गोड, पाणी आणि मसाला. हिंदुस्थानात मद्य म्हणजे अरक, आंबट म्हणजे लिंबू, मसाला म्हणजे बहुधा जायफळ. लंडनमध्ये अठराव्या शतकात खास ‘पंच हाउस’ निघाली. जेम्स ॲशलीने लडगेट हिलवर १७३१ मध्ये उघडलेलं त्यांतलं नामांकित. मुंबई-कलकत्त्यात मात्र ‘पंच हाउस’ म्हणजे खलाशांचा स्वस्तातला गुत्ता, नाव घेतलं की नाक मुरडावं असा. कॅरिबियन बेटांवर अरकाच्या जागी रम आली आणि प्रमाणाचा एक मंत्रच तयार झाला: आंबट एक, गोड दोन, कडक तीन, फिकं चार.

मोठ्या वाडग्यात सगळ्यांसाठी कालवायचं पेय ही कल्पना एकदा रुळली, की मद्य वगळूनही ती चालते. फळांचे रस मिसळून केलेलं ते फ्रूट पंच. त्यात पाच रस असावेत असा नियम कुठेच नाही, केटररकडे हट्ट धरू नये. आणि पंचामृतातून ‘पंच’ निघालं असं एक टूम अधूनमधून फिरते, तिला काडीचा आधार नाही. पाच ही संख्या आणि साखर यांपलीकडे दोघांत काहीही सारखं नाही.

१०. इतर युरोपीय भाषांत हा शब्द आहे का?

आहे, आणि तो इंग्रजीतून पसरला. जर्मन ‘पुन्श’, स्पॅनिश ‘पोंचे’, फ्रेंच ‘पोंश’. सगळ्यात मजेशीर स्वीडिश ‘पुन्श’: त्यांच्या ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं जावाचा अरक आणू लागली आणि त्याचं गोड मद्य तिथे राष्ट्रीय पेयासारखं झालं. गुरुवारी पिवळ्या वाटाण्याचं सूप आणि सोबत कोमट पुन्श ही तिथली जुनी रीत.

११. ‘मिस्टर पंच’ नावाचा बाहुला ठोसे मारतो म्हणून त्याचं हे नाव का?

वाटतं तसंच, पण नाही. त्याच्या हातात सोटा असतो आणि तो दिसेल त्याला झोडतो, बायकोला, पोलिसाला, सैतानालासुद्धा. तरी नाव माराशी जोडलेलं नाही. मूळ पात्र नेपल्सच्या लोकनाट्यातलं ‘पुल्चिनेल्ला’: पोक निघालेला, बाकदार नाकाचा, हलकट आणि लाघवी. त्या नावाचं नातं कोंबडीच्या पिल्लासाठी असलेल्या इटालियन शब्दाशी लावतात, चोचीसारख्या नाकामुळे. इंग्रजांनी त्याचं ‘पंचिनेलो’ केलं आणि मग शेपूट तोडून ‘पंच’.

इंग्लंडमधली पहिली नोंद सॅम्युएल पेपिसच्या रोजनिशीत, ९ मे १६६२. लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये इटालियन बाहुल्यांचा खेळ पाहून तो खूश झाला. खेळ करणारा पिएत्रो जिमोंदे. तेव्हा या बाहुल्या दोऱ्यांच्या, म्हणजे कळसूत्री होत्या. हातमोज्यासारखा घालायचा बाहुला पुढे आला, कारण एकट्या माणसाला रस्त्यावर, समुद्रकाठी खेळ मांडायला तो सोयीचा. बायकोचं नावही आधी जोन होतं. ‘ज्युडी’ एकोणिसाव्या शतकातली.

पंचचा तो चिरका आवाज तोंडात धरलेल्या एका छोट्या पट्टीतून निघतो. राजस्थानी कठपुतळीवाले ‘बोली’ नावाची बांबूची पिपाणी तोंडात धरून तसाच आवाज काढतात.

१२. ‘प्लीज्ड ॲज पंच’ म्हणजे पिऊन खूश झालेला?

नाही. बाहुल्यासारखा खूश. खेळात प्रत्येकाला झोडपल्यावर मिस्टर पंच स्वतःवरच जाम खूश होतो, त्यावरून. म्हणून लिहिताना इथे पहिलं अक्षर मोठं काढतात.

१३. ‘पंच’ नावाचं व्यंगचित्रांचं मासिकही होतं. ते कुठल्या ‘पंच’वरून?

बाहुल्यावरून, आणि ते साप्ताहिक होतं. पहिला अंक १७ जुलै १८४१, लंडन. हेन्री मेह्यू, चित्र कोरणारे एबेनेझर लँडेल्स आणि मार्क लेमन हे सुरुवातीच्या मंडळींपैकी. नाव ठरवताना कोणीतरी म्हणालं म्हणे की लेमनशिवाय पंचला चव नाही. लेमन म्हणजे लिंबू. किस्सा खरा असो वा रचलेला, त्यात बाहुला आणि पेय एका कोटीत सापडतात.

आज आपण ज्याला कार्टून म्हणतो तो अर्थ याच साप्ताहिकाची देणगी. त्याआधी कार्टून म्हणजे मोठ्या भित्तिचित्रासाठी केलेला कच्चा आराखडा. १८४३ मध्ये संसदेच्या नव्या इमारतीसाठी अशा आराखड्यांचं प्रदर्शन भरलं. ‘पंच’ने त्याची टर उडवत जॉन लीचचं एक चित्र ‘कार्टून क्रमांक १’ म्हणून छापलं: उपाशी, फाटक्या लोकांना पोटाला काही नाही, दाखवायला चित्रं मात्र आहेत. थट्टेतला शब्द कायमचा चिकटला. साप्ताहिक १९९२ मध्ये बंद पडलं, १९९६ मध्ये पुन्हा निघालं, २००२ मध्ये मिटलं.

त्याची पिल्लं जगभर झाली. योकोहामात १८६२ पासून ‘जपान पंच’ निघालं, त्यावरून जपानीत व्यंगचित्राला ‘पोंची-ए’ म्हणू लागले. लखनौला १८७७ मध्ये उर्दू ‘अवध पंच’. मुंबईत त्याच्याही आधी, १८५४ मध्ये ‘पारसी पंच’. तेच पुढे ‘हिंदी पंच’ झालं. तिथे लंडनच्या पोक्या बाहुल्याचा देशी अवतार होता, नाव पंचोबा. या ‘ओबा’ने सगळं काम केलं: म्हसोबा-खंडोबाच्या पंगतीला बसला, आणि चार लोकांना खडसावणाऱ्या मराठी पंचाचीही छटा अंगावर आली. इंग्रजी ‘पंच’चं यापेक्षा चांगलं मराठीकरण माझ्या पाहण्यात नाही.

१४. ‘सफक पंच’ हा घोडा लाथ जोरात मारतो का?

तसं काही नाही. इथला ‘पंच’ म्हणजे आखूड, जाडजूड, दणकट. हा अर्थ पुन्हा बाहुल्याचाच. पेपिसने १६६९ मध्ये एक मजेदार नोंद केली आहे: काही लोक आपल्या गुबगुबीत मुलाला ‘पंच’ म्हणून हाक मारताना त्याने ऐकलं, आणि जाड-बुटक्या कशालाही हा शब्द आता सर्रास वापरतात असं लिहिलं. पूर्व इंग्लंडच्या सफक परगण्यातला हा नांगराचा घोडा तसाच, आखूड पायांचा आणि भरल्या छातीचा. आजचे सगळे सफक १७६८ साली जन्मलेल्या एकाच घोड्याचे वंशज मानतात. रंग नेहमी तांबूस, आणि त्या रंगाच्या ‘चेस्टनट’ या इंग्रजी नावाच्या स्पेलिंगमधला मधला ‘टी’ या जातीपुरता गाळायची प्रथा आहे.

ढेरीसाठी असलेला इंग्रजी ‘पॉन्च’ यात ओढू नका. तो लॅटिनमधल्या पोटाच्या शब्दावरून आलेला, चौथाच.

१५. ‘पंच-ड्रंक’ म्हणजे पंच पिऊन झिंगलेला?

इथे पेयाचा संबंध नाही, ठोसे आहेत. वर्षानुवर्षे डोक्यावर मार खाल्लेला मुष्टियोद्धा अडखळत चालतो, जीभ जड होते, दारू प्यायल्यासारखा दिसतो. हॅरिसन मार्टलँड या अमेरिकी डॉक्टरने १९२८ मध्ये याच नावाने शोधनिबंध लिहिला आणि अखाड्यातला शब्द वैद्यकात आला. निवडणुकीच्या बातम्यांत हरलेल्या पक्षाला तो लावतात तेव्हा मागे खरा आजार आहे हे विसरलं जातं.

१६. आणि ‘पंचलाइन’?

तीही ठोशाची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत रुळलेला शब्द. विनोद जिथे दणका देतो ते वाक्य. मिस्टर पंच विनोदी असला तरी त्याचा इथे वाटा नाही. मराठी नाटकवाले ‘पंच’ नुसताच वापरतात, ‘पंच बसला’, ‘पंच वाया गेला’, आणि ते मूळ अर्थाला धरून आहे.

१७. क्रिकेटचा पंच, पंचायत, पंचनामा, यांचा इंग्रजी ‘पंच’शी काही संबंध?

पेयाची व्युत्पत्ती खरी धरली (प्रश्न ७) तर त्या एकाशी आहे. मराठी पंच म्हणजे मुळात निवाड्याला बसलेले पाच जण. पुढे आकडा गळाला; पंचनाम्याला दोन पंच पुरतात, मैदानात एकट्या माणसालाही पंच म्हणतात आणि गोव्यात पंचायतीचा प्रत्येक सदस्य पंच. नावात पाच असून पाच नसणं हे आपल्याकडेही चालतं, हा प्रश्न ७ मधल्या पहिल्या आक्षेपाला एक जवाबच आहे.

ठोसा आणि बाहुला यांचा ‘पाच’शी संबंध नाही. पण एक गंमत. इंग्रजी ‘फाइव्ह’ आणि संस्कृत ‘पञ्च’ एकाच आदिम मुळाचे आहेत. आपला ‘प’ तिकडे ‘फ’ होतो, जसं पितृचं ‘फादर’, पादाचं ‘फूट’. मुठीसाठी इंग्रजी शब्द ‘फिस्ट’. तोही याच पाचाच्या मुळातून, पाच बोटांवरून आला असावा असं बऱ्याच भाषाशास्त्रज्ञांना वाटतं. म्हणजे ठोशाला पाचाशी देणंघेणं नाही, पण तो ज्या मुठीने मारतात तिला असू शकतं. आपल्याकडच्या ‘पंजा’तही पाचच, तो मात्र फारसीतून आला.

१८. माझ्या शब्दकोशात चार-पाच नोंदी आहेत, दुसऱ्यात तीनच. चूक कोणाची?

कोणाचीच नाही. काही कोश हत्याराचं नाम आणि टोचण्याचं क्रियापद वेगळ्या नोंदीत टाकतात, काही एकत्र. काही घोड्याचा आणि जाड माणसाचा अर्थ बाहुल्याखाली ठेवतात, काही त्याला स्वतंत्र आकडा देतात. बाहुल्याचं विशेषनाम काही कोश घेतच नाहीत. शिवाय ‘पंचन’चे टोचायच्या हत्याराखेरीज (प्रश्न २) आणखी दोन अर्थ आहेत, पिंप आणि खाणीत छताला लावायचा आखूड टेकू, त्यांचं मूळ एक की दोन यावरही मतं वेगळी आहेत. नोंदी मोजण्याऐवजी प्रत्येकीच्या शेवटी चौकटी कंसात दिलेली व्युत्पत्ती वाचा.